पेपर जगवायचा, पण कुणाच्या उपकारावर?

महिना संपला की आमच्याकडे पेपरचं बिल येतं. पेपर टाकणारा मुलगा सायकलची घंटी वाजवतो, मी चहाच्या डब्यामागे ठेवलेले पैसे काढते आणि नेमकं तेव्हाच आतून ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "आता कशाला हवाय पेपर? फोनवर सगळं येतंच की!" तुमच्याकडेही हाच संवाद होत असणार. मी उत्तर देत नाही. पैसे देते, पावती घेते आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवते.

यंदा त्या खिळ्यावर एक पावती कमी झाली. आमच्या तालुक्याचं साप्ताहिक बंद पडलं. चार पानांचा अंक, दर बाजाराच्या दिवशी निघायचा. संपादक, वार्ताहर आणि वसुली करणारे असे सगळे एकच गृहस्थ. आणि अंकाच्या घड्या घालणं, पत्त्याच्या पट्ट्या खळीने चिकटवणं, गठ्ठे बांधून एसटी स्टँडवर पोचवणं हे सगळं त्यांची बायको करायची. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं. वहिनींच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या. एकदा मुलीच्या लग्नासाठी आणि एकदा कागदाच्या उधारीसाठी. पहिल्या वेळच्या सोडवून आणल्या. दुसऱ्या वेळच्या अजून सोनाराकडेच आहेत.

त्या साप्ताहिकात काय असायचं? म्हटलं तर काहीच नाही. आवक आणि भाव, कुणाचा सत्कार, कुणाची दशक्रिया, नळाला पाणी कोणत्या भागात कोणत्या दिवशी, अंगणवाडीची भरती, दहावीच्या निकालात कुणाची मुलगी पहिली आली. मोठ्या पेपरला या बातम्यांसाठी जागा नसते आणि फोनवर तर त्या कुणी टाकतच नाही. टाकल्या तरी कोण खरं बोलतंय, ते कळायला मार्ग नसतो. "आज पाणी येणार नाही" असा मेसेज फिरतो, आपण हंडे भरून ठेवतो आणि पाणी मात्र वेळेवर येतं! साप्ताहिकात चूक झाली तर निदान घरी जाऊन भांडता तरी यायचं.

पण एक बातमी मी विसरणार नाही. आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन येऊन कित्येक महिने कुलपात होतं. दिवस गेलेल्या बायका जिल्ह्याला जायच्या. एसटीचं भाडं, खासगी केंद्राची फी आणि वर एक दिवसाची मजुरी बुडायची. साप्ताहिकाने पहिल्या पानावर त्या कुलपाचा फोटो छापला. नुसतं कुलूप, आणि खाली मशीन कधी आलं त्याची तारीख. पंधरवड्यात कुलूप उघडलं. माझ्या शेजारणीच्या सुनेची तपासणी तिथेच झाली.

त्यानंतर हळूहळू साप्ताहिकाला मिळणाऱ्या सरकारी नोटिसा बंद झाल्या. कामांच्या निविदा, लिलावाच्या सूचना, 'जाहीर प्रकटन' असं सगळंच. लेखी काहीच नाही हं! कुणी पत्र दिलं नाही, कुणी धमकी दिली नाही. नोटिसा दुसऱ्या एका साप्ताहिकात जाऊ लागल्या. तो अंक गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. जुनी बिलं होती तीही अडकली. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "बिल मागायला गेलं की साहेब बातमीबद्दल बोलतात, गं."

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या भिशीत याच विषयावर वादावादी झाली. एरवी आम्ही साड्या आणि सुना यांच्यावर बोलतो, हे कबूल करते. पण साप्ताहिक बंद पडल्याचं निघालं आणि एकीने विचारलं, "सरकार का नाही मदत करत? साखर कारखान्याला करतं, एसटीला करतं, मग पेपरला करायला काय झालं?"

दुसरी लगेच उसळली, "म्हणजे सरकारच्या पैशावर सरकारच्याच आरत्या! सध्या काय कमी आहेत?"

आणि तिसरी आमची अंगणवाडी सेविका. ती शांतपणे म्हणाली, "आमचं मानधन वेळेवर द्यायला पैसे नसतात आणि पेपरवाल्यांना कुठून देणार?" यावर सगळ्या गप्प. मीसुद्धा.

मी घरी आले, पण डोक्यातून ते जाईना. तिघींचंही बरोबर आहे असं वाटत होतं. आणि तिघींचं बरोबर असेल तर मग करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे, सरकार पेपरला पैसे देत नाही, हा समजच चुकीचा आहे. सरकार देतंच. फक्त त्याला अनुदान म्हणत नाही, जाहिरात म्हणतं. आपल्या राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची शासनमान्य वृत्तपत्रांची यादी असते. त्यात अ, ब, क असे वर्ग. यादीत नाव असलं की जाहिराती मिळू शकतात. केंद्राचं असंच खातं आहे. त्याला पूर्वी डीएव्हीपी म्हणायचे, आता ते केंद्रीय संचार ब्यूरोचा भाग आहे. रोजचा खप २५ हजारांपर्यंत असेल तर तो पेपर लहान, ७५ हजारांपर्यंत मध्यम आणि त्यावर मोठा. आपल्या हाती दर महिन्याला जो पेपर पडतो, त्याच्या किमतीत कागद, शाई, छपाई आणि टाकणाऱ्याचं कमिशन एवढंसुद्धा भागत नाही. बाकीचे पैसे जाहिरातीतून येतात. ही पुरवणी तुम्ही वाचताय तिच्यामागेही साडीच्या दुकानाचा, कोचिंग क्लासचा आणि सरकारचा पैसा आहेच. ते लपवण्यात काय अर्थ?

मोठ्या शहरातल्या पेपरला गाड्यांच्या, फ्लॅटच्या, सोन्याच्या जाहिराती मिळतात. तालुक्याच्या पेपरला काय मिळतं? साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! पान भरून साहेब, कोपऱ्यात पासपोर्ट साइजचे वीस कार्यकर्ते. आणि दुसरं म्हणजे सरकारी नोटिसा. त्यातही निविदा ऑनलाइन झाल्यापासून जिथे आधी अर्धं पान असायचं तिथे आता चार ओळींची चौकट येते, 'सविस्तर संकेतस्थळावर पाहावे'. ते योग्यच असेल. सरकारचा खर्च वाचला. पण वहिनींच्या घरचा तेवढा कमी झाला, हेही खरं.

याच्या जोडीला कागद महागला. पेपरसाठी लागणाऱ्या परदेशी कागदावर केंद्राने जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के आयात शुल्क लावलं, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आणलं. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पेपरला हात लावला तर कोरोना होतो म्हणून लोकांनी पेपर बंद केले. आपल्या राज्यात तर त्या एप्रिलमध्ये घरोघरी पेपर टाकायलाही काही काळ बंदी होती. तेव्हा बंद केलेला पेपर कितीतरी घरांनी पुन्हा सुरू केलाच नाही. देशभरातल्या वृत्तपत्रांच्या संघटनेने त्या वेळी सरकारकडे रीतसर मागणी केली होती. कागदावरचं शुल्क काढा, दोन वर्षं कर माफ करा, सरकारी जाहिरातींचे दर वाढवा आणि थकलेली बिलं द्या. शेवटची मागणी वाचून मला वहिनीच आठवल्या. म्हणजे मोठ्यांचंही दुखणं तेच!

आता भिशीतल्या दुसरीचा मुद्दा. सरकारचा पैसा आला की सरकारची आरती आलीच, असं ती म्हणते. तिचं म्हणणं हवेतलं नाही. १० मार्च २०१९ रोजी श्रीनगरच्या इंग्रजी पेपरांनी पहिलं पान कोरं छापलं होतं. आख्खं पान कोरं आणि त्यावर दोन ओळी. 'ग्रेटर काश्मीर' आणि 'काश्मीर रीडर' या दोन पेपरांच्या सरकारी जाहिराती कारण न देता बंद केल्या, त्याचा तो निषेध. त्याच वर्षी जूनमध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया', 'द हिंदू' आणि 'द टेलिग्राफ' या तीन मोठ्या पेपरांच्या गटांना केंद्राच्या जाहिराती बंद झाल्याचा विषय लोकसभेत निघाला. हे एवढे मोठे पेपर! त्यांच्याकडे निदान दुसऱ्या जाहिराती असतात, वकील असतात, दिल्लीत बोलणारं कुणी असतं. आमच्या साप्ताहिकाकडे कोण होतं? एक जुना स्कूटर आणि वहिनी.

आणि हे एकाच पक्षाचं सरकार करतं, असंही मुळीच समजू नका. सत्तेत जो येतो त्याच्या हाती ही दोरी येते आणि हातात आलेली दोरी ओढायचा मोह कुणाला सुटतो? आणीबाणीतही हेच झालं होतं.

मग सरळ म्हणावं का, की सरकारचा एक पैसाही पेपरला नको? बऱ्याच शहाण्या माणसांचं हेच मत असतं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मग तालुक्याचा पेपर उरतो कुणाच्या हाती? ज्याच्या हाती वाळूचा ठेका आहे त्याच्या. किंवा ज्याला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय त्याच्या. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा केवढा गाजावाजा झाला! 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल काढावा लागला. सरकारची दोरी नको म्हणून सावकाराची दोरी गळ्यात घालून घेण्यात काय शहाणपण?

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. ती आपल्या पुण्याचीच आहे. मोठे पेपर जास्त पानं कमी किमतीत देतात आणि त्यामुळे लहान पेपर मरतात, म्हणून केंद्राने १९५६ मध्ये एक कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची ते सरकार ठरवणार. हेतू काय, तर लहान पेपर जगावेत. ऐकायला किती छान! पण डॉ. ना. भि. परुळेकरांचा 'सकाळ' तेव्हा ७ नव्या पैशांना मिळायचा. या आदेशाने त्याला एक तर पानं कमी करावी लागणार होती, नाही तर किंमत वाढवावी लागणार होती. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि मजा म्हणजे पेपरबरोबर त्याचे दोन वाचकही वेगळे अर्ज घेऊन गेले. आमचा वाचायचा हक्क जातो म्हणून! सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो आदेश आणि ते कलम रद्द केलं. एकाला मदत करायची म्हणून दुसऱ्याचं तोंड बांधता येणार नाही, असा त्याचा साध्या भाषेतला अर्थ.

म्हणजे लहान पेपर जगवायची काळजी सरकारला साठ-पासष्ट वर्षांपूर्वीही होती. काळजी खोटी नव्हती. पण पेपरात किती पानं असावीत हे दिल्लीतला साहेब ठरवू लागला की उद्या पानात काय असावं तेही तोच ठरवणार, ही भीतीही खोटी नव्हती.

दुसरीकडे नॉर्वे. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा देश, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी माणसं. तिथे दोनशेहून जास्त पेपर निघतात आणि १९६९ पासून सरकार पेपरना थेट पैसे देतं. गावातल्या पहिल्या नंबरच्या पेपरला नाही, तर दुसऱ्या नंबरच्या पेपरला आणि लहान गावातल्या एकुलत्या एका पेपरला. मग तिथले पेपर सरकारची आरती करत असतील? तर नाही! पत्रकारांच्या स्वातंत्र्याची जी जागतिक यादी दरवर्षी निघते, तीत २०१७ ते २०२५ अशी सलग नऊ वर्षं नॉर्वे पहिला आहे. अनुदानामुळे पहिला आहे असं मी म्हणत नाही. तिथली न्यायालयं, तिथले लोक, तिथला पैसा सगळंच वेगळं. पण अनुदान घेऊनही पहिला आहे, एवढं तरी मानावं लागेल.

फरक कशात आहे? मैत्रिणींनो, हा फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. रेशनकार्ड आणि साहेबांची चिठ्ठी, यातला फरक आहे तो. कार्डावर धान्य मिळतं तेव्हा माणशी किती किलो ते ठरलेलं असतं. दुकानदार तोंड वाकडं करेल, माप कमी टाकेल, पण आपण कार्ड पुढे करून भांडू शकतो. आणि निराधार बाईचं प्रकरण जेव्हा 'साहेबांचा शब्द आणा' यावर अडतं, तेव्हा ती बाई पुढची पाच वर्षं त्या साहेबाच्या विरुद्ध तोंड उघडत नाही. पैसा दोन्हीकडे सरकारचाच. एकीकडे हक्क, दुसरीकडे उपकार. नॉर्वेत पेपरचा खप किती, गाव कोणतं यावर हिशेब होतो. बातमी काय छापली, हे विचारायची सोयच नाही. आपल्याकडे जाहिरात म्हणजे साहेबांची चिठ्ठी.

आपल्याकडे नियम नाहीतच असंही नाही. २०१६ मध्ये केंद्राने जाहिरातींसाठी १०० गुणांची पद्धत आणली. खपाच्या प्रमाणपत्राला २५, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीला २०, पानांना २०, वृत्तसंस्थेची सेवा घेतली तर १५, स्वतःच्या छापखान्याला १०, प्रेस कौन्सिलची वर्गणी भरली तर १०. वाचून मला बरं वाटलं, निदान गुण तरी आहेत! मग मी गंमत म्हणून आमच्या साप्ताहिकाला गुण देऊन पाहिले. छापखाना जिल्ह्याच्या गावी, दुसऱ्याचा. वृत्तसंस्था कशाला, बातम्या बाजारात मिळतात. भविष्य निर्वाह निधी शून्य, कारण कर्मचारीच नाहीत. तेवीस वर्षं घड्या घालणारी, खळ लावणारी, पहाटे गठ्ठे उचलणारी बाई या हिशेबात कुठेच नाही. घरची बाई कर्मचारी कशी असेल? शेतात असते का? दुकानात असते का?

असो. नियम करणाऱ्यांनी लबाड पेपर बाहेर काढण्यासाठी हे केलं असणार आणि लबाड पेपर आहेतच, हे नाकारून चालणार नाही. पन्नास प्रती छापायच्या, त्या कचेरीत दाखवायच्या आणि हजारोंचा खप सांगून जाहिराती उचलायच्या. याला आमच्याकडे 'फाइल कॉपी' म्हणतात. ज्या साप्ताहिकात आमच्या नोटिसा जाऊ लागल्या तेही त्याच जातीचं. आंधळेपणाने अनुदान वाटलं तर असे पेपर पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतील आणि खऱ्या पेपरच्या वाट्याला पुन्हा काही उरणार नाही. म्हणून 'पेपरला पैसे द्या' एवढी मोघम मागणी मला मान्य नाही.

मला वाटतं ते असं. सगळ्यात आधी, छापलेल्या जाहिरातीचं बिल ठरलेल्या दिवसांत द्यायचं. ही मदत नाही, हे देणं आहे. आपण किराणा दुकानदाराला वर्षभर उधारीवर ठेवलं तर तो आपल्याला उंबरठ्यावर उभं करेल का? नोटीस कुणाला द्यायची तेही तालुक्यात पाळीने ठरावं आणि कुणाला किती मिळालं याचा तक्ता कचेरीच्या फलकावर लागावा. जशी रेशन दुकानावर साठ्याची पाटी असते तशी. एवढं झालं तर नवा एक रुपयाही न देता निम्मं काम होईल. अंगणवाडीच्या मैत्रिणीला माझं हेच उत्तर आहे. तुझ्या मानधनातला पैसा कुणी काढून घेत नाही, बाई. आणि तुझं मानधन थकलंय हे छापणार कोण? मोठ्या पेपरात मोर्चा निघाला तरच फोटो येतो.

दुसरं, द्यायचंच असेल तर ते पेपरला न देता वाचायला द्यावं. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अकरा-बारा हजार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. तुमच्या गावातलं वाचनालय आठवा. एक लांब टेबल, बाक, पंखा चालू-बंद होणारा आणि सकाळी आठ वाजल्यापासून ठाण मांडून बसलेले निवृत्त लोक. या वाचनालयांना तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या पेपरसाठी वेगळी रक्कम मिळाली तर? कोणते घ्यायचे ते वाचनालयाच्या सभासदांनी ठरवायचं. साहेबाला मध्ये चिठ्ठी घालायला जागा कमी. जो पेपर कुणी पाहिलेलाच नाही तो कोण मागवेल? आणि हो, दुपारी दोन तास बायकांसाठी ते टेबल मोकळं ठेवायची अट मी त्यात घालीन. पुरुष टेबलाभोवती बसलेले असताना आत पाऊल टाकायचं म्हणजे किती संकोच वाटतो ते आपल्यालाच ठाऊक.

अशी सरसकट सवलत आपल्याला नवी नाही. पोस्टाने पेपर पाठवायला नोंदणीकृत वृत्तपत्रांसाठी पूर्वापार खास दर होता. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या अंकाला २५ पैसे, असा तो कितीतरी वर्षं राहिला. पेपर सरकारच्या बाजूचा की विरुद्ध, हे पोस्टमनने कधी विचारलं नाही. सगळ्यांना तेच तिकीट. त्या पंचवीस पैशांवर मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावच्या माणसांना तालुक्याची खबर पोचायची. कागदावरचं शुल्क हीसुद्धा अशीच गोष्ट आहे. कमी करायचं तर सगळ्यांसाठी करा, मग कुणाचा उपकार नाही.

एक शंका उरतेच. सरकार नको, सावकार नको, तर लोकांच्या देणग्यांवर पेपर चालवावा, असं हल्ली पुष्कळजण सुचवतात. उत्तर प्रदेशात चित्रकूट भागात २००२ मध्ये 'खबर लहरिया' नावाचा पेपर सुरू झाला. खेड्यातल्या, बहुतेक दलित बायकांनी बुंदेली बोलीत काढलेला. बातमी आणायची त्यांनी, लिहायची त्यांनी, वाटायचीही त्यांनीच. 'निरंतर' नावाची संस्था पाठीशी होती. २००४ मध्ये त्यांना चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट! पण छापील अंक त्यांनाही पुढे थांबवावा लागला आणि त्या फोनवर व्हिडिओ करू लागल्या. एवढं नाव झालेल्यांची ही कथा, तर आमच्या साप्ताहिकाला देणग्या कोण पाठवणार? तालुक्यातल्या बाईकडे हातात राहिलेले पैसे किती असतात?

आपल्याकडे तर ही परंपरा फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानुबाई बिर्जे यांनी नवऱ्यामागे 'दीनबंधू' चालवला. त्या देशातल्या पहिल्या स्त्री संपादक मानल्या जातात. पेपर चालवायची जबाबदारी बाईच्या अंगावर बहुतेक अशीच येते. नवरा गेला म्हणून किंवा नवरा बातम्यांच्या मागे आणि उधारी घरात म्हणून. संपादकाच्या नावाखाली तिचं नाव क्वचितच लागतं. पाटल्या मात्र तिच्याच जातात.

मी परवा वहिनींकडे गेले होते. पुढच्या खोलीत अजून जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत. रद्दीवाला दोनदा येऊन गेला, त्यांनी दिले नाहीत. थकलेल्या बिलांची फाइल त्यांनी मला दाखवली. प्रत्येक बिलाला नोटिशीचं कात्रण टाचलेलं, वर तारीख, खाली रक्कम, सगळं त्यांच्या हातचं. मी म्हटलं, "वहिनी, हे सगळं एकत्र करून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकूया. कोणतं बिल कुठे अडकलं आणि त्याच काळात नोटिसा कुणाला गेल्या, लेखी विचारूया." त्या जरा घाबरल्या. मग म्हणाल्या, "अर्ज तू लिही. सही मी करते."

अर्ज लिहून झालाय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आज आणायचंय.